तांबसाळीचा मुडा

जनीला वाडीत कुणी गोड म्हणत नसे आणि तिलाही तशी हौस नव्हती. म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी तीस उंबऱ्यांची ती वाडी. तिथल्या लहानथोरांना माहीत होतं की जनीच्या जिभेला हाड नाही. सुनेची भाकरी जाड झाली तर ती शेजारच्या तीन घरांना कळायची. पण एका बाबतीत तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. तांबसाळीचं बी तिच्याकडे होतं, फक्त तिच्याकडे.

तांबसाळ म्हणजे लाल दाण्याचं जुनं भात. कमरेच्या वर वाढायचं, जरा वारं सुटलं की आडवं व्हायचं, आणि गुंठ्याला वीस किलो उतरलं तरी देवाला नारळ फोडावा अशी गत. बाकीच्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच ते सोडलं आणि बुटकं, पांढऱ्या दाण्याचं सुधारित भात लावायला घेतलं. जनीने सोडलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "मना आवडतं." नवरा, बाबाजी, जिवंत होता तोवर कुरकुरला, मग तोही गेला. जनीच्या पंचवीस गुंठ्यांत तांबसाळ राहिली.

कापणीच्या आदल्या दिवशी जनी एकटी शेतात उतरायची. बांधाकडचं भात बघायचंच नाही, थेट मधे जायचं. आधी बुंधा बघायचा. तांबसाळीच्या बुंध्यावर जांभळी झाक असते, नवऱ्याने मारल्यावर दंडावर राहते तशी. ती असली तर मग लोंबी बघायची. लोंबी पटली तर तिचा एक दाणा दाताने फोडून आतला लाल रंग बघायचा. तिन्ही जमलं तर लोंबी ओच्यात, नाहीतर पुढे. दिवसभर वाकून दोन पायल्या भरतील एवढ्याच लोंब्या निघत. त्या ती हाताने झोडायची, चार उन्हं द्यायची आणि पेंढ्यात गुंडाळून, सुंभाने करकचून त्यांचा गोल मुडा बांधायची. मुडा चुलीवरच्या माळ्याला, धुरात टांगलेला असायचा. तो उतरायचा पेरणीला, रोहिण्या लागल्या की.

अडतीस वर्षं हे चाललं होतं. एखाद्या वर्षी हे बी हुकलं, तर पुढच्या वर्षी कुठून आणणार? दुकानात मिळत नव्हतं, सरकारात मिळत नव्हतं, आसपासच्या पाच गावांत कुणाच्या कणगीत नव्हतं. जनीचा मुडा गेला की तांबसाळ गेली. हे जनीला पक्कं माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, त्याचा तिला माजही होता.

मग गणराज घरी आला. हा तिचा एकुलता एक मुलगा. रोह्याकडच्या एका कारखान्यात चौदा वर्षं होता. कारखान्याने माणसं कमी केली, त्यात हा निघाला. बायको किशोरीला घेऊन परत आला तेव्हा वाडीला वाटलं, आता हा पारावर बसून मोबाइल चोळणार. पण गणराज बसणारा नव्हता. खोटं कशाला बोला, पोरगा कामाला वाघ होता. तालुक्याला भाताची शेतीशाळा भरायची, तिथे तो वहीपेन घेऊन जायला लागला आणि येताना नवीन नवीन गोष्टी घेऊन यायला लागला.

"आये, राब भाजायचा न्हाय औंदा," त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं. पालापाचोळा, शेण जाळून त्या भाजल्या जागेत रोप टाकायचं ही जनीच्या सासूच्या सासूची रीत. त्याऐवजी त्याने गिरणीतून भाताचं तूस आणलं, त्याची काळी राख केली आणि रोपाच्या गादीत मिसळली. बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून पाला चिखलात तुडवला. लावणीला नायलॉनची दोरी आणली, तिच्यावर रंगीत खुणा. खुणेवर दोनच काड्या लावायच्या, तो एक चूड. वाडीच्या बायका मूठभर रोप खुपसत पुढे सरकणाऱ्या, त्या दोरी बघून हसून हसून बेजार झाल्या. आणि शेवटी खताची गोळी. चार चुडांचा एक चौक, त्याच्या मधे एक गोळी, हाताने चिखलात खोल दाबायची. खत वाहून जात नाही, मुळालाच मिळतं.

जनीने नावं ठेवायला तोंड उघडलं खरं, पण रोप बघून ते मिटलं. असं दांडगं रोप तिने अडतीस वर्षांत बघितलं नव्हतं. तेव्हा एवढंच म्हणाली, "गना, हे भात हावरं न्हाय. याला पोटभर घातलंस का ते लोलनार. गोली अर्धीच घाल."

गणराजने विचार केला. शेतीशाळेत शिकवलेलं माप बुटक्या भाताचं होतं. मग त्याने एक चौक सोडून पुढच्या चौकात गोळी दाबली. म्हातारीचं ऐकलं. त्या वर्षी आश्विनातल्या वादळी पावसात शेजारच्या सदाचं बुटकं भातसुद्धा लवलं आणि जनीची उंच तांबसाळ उभी राहिली. गुंठ्याला चौतीस किलो उतरली. मायलेक खळ्यावर बसून एका ताटलीतून पोहे खात होते, असं वाडीने बघितलं आहे. त्या घराचा तेवढाच एक चांगला दिवस.

पिकलं आणि गिऱ्हाईकही आलं. बोर्ली पंचतनला नारळ-सुपारीच्या वाड्या असलेल्या घरातली क्षिप्रा म्हणून मुलगी, मुंबईत जुनी भातं पाकिटात घालून विकायची. ती स्वतः गाडी घेऊन आली, दाणे हातावर चोळून बघितले आणि पांढऱ्या तांदळाच्या तिप्पट भाव बोलली. अट एकच, दाणा सगळा लाल हवा. "माझ्या पाकिटावर शुद्ध असं लिहिलेलं असतं, दादा," ती म्हणाली, "तेवढं सांभाळा." गणराजने घरात खायलासुद्धा न ठेवता सगळी तांबसाळ तिला दिली. घरात पांढरा तांदूळ शिजला.

पुढच्या वर्षी भात पिकायला आलं तेव्हा म्हसळ्याला शेतकरी मेळावा झाला. गणराजला शाल, श्रीफळ आणि हातात माईक मिळाला. यातला माईक सगळ्यात वाईट. जनीला त्याने मुद्दाम नवीन लुगडं नेसवून पुढच्या रांगेत बसवलं होतं. बोलता बोलता त्याला लोकांना हसवायची लहर आली.

"ही बगा माजी आय," तो म्हणाला. "अडतीस वर्सं हिनं हेच भात लावलं नि अडतीस वर्सं आमाला उपाशी ठेवलं. अक्कल नसली का सोनंपन माती व्हतं. मी आलो नि दोन मापं बदलली. गोली एक चौक सोडून द्यायची, हे माजं संशोधन."

मंडप हसला. साहेब लोक हसले. शेजारची बाई जनीकडे बघून, पदर तोंडाला लावून हसली. जनी लुगड्याचा काठ धरून बसली होती. आयुष्यात ती हजार माणसांना घालूनपाडून बोलली असेल, पण मंडपात बसवून, माईकवरून कधी नाही. परत येताना गाडीत ती बोलली नाही. वाडीला उतरल्यावरही बोलली नाही, आणि जनी गप्प बसली की जाणत्याने जपून राहावं. गणराजला ते कळायला हवं होतं. त्याला शालीची घडी नीट बसत नव्हती.

मेळाव्यामागोमाग कापणी आली. आदल्या दिवशी जनी ओचा बांधून निघाली तर गणराज बांधावर आडवा.

"कुठं?"

"लोंब्या काढाया."

"काय गरज न्हाय. माज्या रांगा तुडवू नको. भिकारनीवानी वेचत बसायचे दिवस गेले. मलनी यंत्र आनलंय. बी मी मिठाच्या पान्यातनं काढनार. जड दाना बुडतो, पोकल तरंगतो. बुडलेला घ्यायचा. पाच मिन्टांचं काम."

बांधावर कापणीच्या बायका विळ्यांना धार लावत बसल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे सगळं ऐकलं. जनी परत फिरली. पण दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, कापणी सुरू व्हायच्या आत, ती डोंगराकडच्या कोपऱ्यातून शेतात शिरली आणि मिळतील तेवढ्या लोंब्या काढून घेतल्या. स्वतःच्या शेतात चोरी केली. पायलीभरच बी झालं. त्याचा तिने लहानसा मुडा बांधला आणि माळ्यावर, जुन्या पावसाळी इरल्याच्या मागे टांगला.

यंत्र सदाच्या खळ्यावरून थेट यांच्या खळ्यावर आलं. सदा बुटक्या पांढऱ्या भातवाला. यंत्राच्या पोटात त्याचं भात अडकलेलं होतं. कुठल्याही यंत्राच्या असतंच. शहाणा माणूस यंत्र आधी झाडून घेतो किंवा पहिल्या दोन टोपल्या बाजूला काढतो. वाडीत आजवर तांबसाळीची झोडणी हातानेच झाली होती, त्यामुळे हे शहाणपण कुणाला सुचायचं कारण नव्हतं. जनीला सुचलं. पडवीत बसल्या बसल्या तिने बघितलं की पहिल्या धारेत पिवळट, आखूड दाणे पडताहेत, आणि गणराजने तीच पहिली धार बियाण्याच्या पोत्यात धरली आहे. बी पहिल्या धारेचं असावं ही जुनी रीत आहे, आणि हाताच्या झोडणीत ती बरोबरच होती. एवढी एकच जुनी रीत त्याने पाळली आणि तीच त्याला नडली.

जनीच्या तोंडाशी शब्द आले होते. ते तिने गिळले. मागची धार लालच निघाली, तिचा तांदूळ क्षिप्राने नेला.

पुढच्या ज्येष्ठात मिठाच्या पाण्याचं पिंप भरलं. बी ओतलं. सदाचं भात तांबसाळीपेक्षा जड, ते आधी बुडलं. गणराजने तळाचं बी हाताने वर काढून सगळ्यांना दाखवलं. किशोरीने मोबाइलवर फोटो काढला. रोप उगवलं, काळ्या राखेवर तरारलं, आणि पंधरवड्यात जनीला ते दिसलं. जांभळ्या बुंध्यांत मधूनमधून हिरवे बुंधे. आठात एक. अजून काही बिघडलं नव्हतं. लावणीला रोप उपटताना हिरव्या बुंध्याचं तेवढं बाजूला टाकलं असतं तर अर्ध्या दिवसात निस्तरलं असतं. फक्त बघणारी नजर हवी होती आणि ती वाडीत एकाच बाईकडे होती.

इथे जनीचं मन एकदा पाघळलं, हे सांगितलंच पाहिजे. शेवटी तांबसाळ तिची होती. ती गादीच्या कडेला उकिडवी बसली, दोन काड्या उपटून हातात घेतल्या, एक जांभळी, एक हिरवी, आणि हाक मारली, "गना, जरा हिकडं ये. हे बग."

गणराज बारा बायकांना दोरी कशी धरायची ते दाखवत होता. त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"आये, तू घरला जा नि चाय टाक. हितं तुजं काय काम न्हाय."

बायकांपैकी सदाची बायको फिसकन हसली. जनीने हातातल्या दोन्ही काड्या गादीत टाकल्या, उठली, घरी गेली आणि चहा टाकला. चांगला आलं घालून, सगळ्यांना पुरेल एवढा. भरलेली किटली तिने स्वतः शेतावर नेली आणि कप भरताना एका शब्दाने काही बोलली नाही. त्या क्षणापासून तिने आपल्या मुलाचं वाटोळं व्हायची वाट बघायला सुरुवात केली. आईने असं करावं का? करू नये. पण जनीने केलं, आणि तिला त्यात सुख वाटलं. श्रावणात शेजारणी म्हणाल्या, जनीकाकी औंदा अंगाने भरली.

भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या तेव्हा गणराजला काही काही चूड बुटके दिसले. त्याला वाटलं, तिथे गोळी पोचली नसेल. पीक मात्र दणदणीत आलं. गुंठ्याला छत्तीस किलो. बियाण्याची दोन पोती बाजूला ठेवून त्याने बाकीचं सगळं भात गिरणीवर नेऊन फक्त तूस काढून आणलं, कारण क्षिप्राला लाल तांदूळ तयार हवा होता. गिरणीवाल्याने विचारलं, "गणाशेठ, मिसळ हाय काय हो?" गणराजने त्याला वेड्यात काढलं. माणसाचं एकदा कौतुक झालं की त्याला तांदूळसुद्धा दिसत नाहीत.

क्षिप्रा आली ती मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. पडवीत बसली. पिशवीतून तिने पांढरी चिनी मातीची ताटली काढली, पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ तीवर पसरले आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारायला लागली. लाल इकडे, पांढरे तिकडे. मग दुसऱ्या पोत्यातले घेतले, मग तिसऱ्या.

"दादा, हे मी नाही घेऊ शकत," ती म्हणाली. आवाज अगदी गोड. "आणि वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या वर्षीचंही मी आता दुसरीकडे बघते."

"मॅडम, असं कसं व्हईल? दोरी बरोबर, गोली बरोबर, बी मिठाच्या पान्यातनं काढलेलं."

"मिठाचं पानी जडहलकं सांगतं," पडवीच्या कोपऱ्यातून जनी म्हणाली. ती वाल सोलत बसली होती. "लालपांडरं न्हाय सांगत."

गणराजने मान वळवली. वर्षभरात आईने त्याच्याशी भाताबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"म्हंजे काय?"

"यंत्र सदाच्या खल्यावरनं आलं. त्याच्या पोटात सदाचं भात. पैली धार तू बी म्हनून धरलीस."

"तुला कवा कललं?"

"त्याच दिशी."

किशोरी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तिथेच थांबली.

"रोपातबी दिसलं," जनी वाल सोलत राहिली. "हिरव्या बुंध्याचं एकेक. अर्ध्या दिसाचं काम व्हतं. तुला बोलावलं तं तू मना चाय टाकाया धाडलंस. मंग मी चाय टाकला."

एवढं बोलून ती उठली, आत गेली आणि इरल्यामागचा मुडा काढून आणला. पडवीच्या मधोमध ठेवला. सुंभ सोडून एक चिमूट बाहेर काढली, दाणा दाताने फोडला आणि क्षिप्राच्या ताटलीत टाकला. लालभडक. दुसरा टाकला. लाल. क्षिप्राचे डोळे चमकले, तिने पुढे होऊन मुड्यावर हात ठेवला.

"काकू, हे गेल्या वर्षीचं ना? उगवेल?"

"न उगवाया काय झालं."

"मग हे मला द्या. श्रीवर्धनकडे माझे तीन शेतकरी आहेत, नीट करणारे. मी वाढवून घेते."

"आये," गणराज पटकन म्हणाला. आवाज उतरला होता. "आपन लावू. आपलं बी हाय. औंदा पायलीभर लावलं तं पुडच्या साली सगल्याला पुरंल. तू सांगशील तसं लावू."

हाच तो क्षण होता. इथे जनी व्हय म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच संपून मायलेक पुन्हा खळ्यावर पोहे खायला बसले असते. पण जनीने वर्षभर राग पोसला होता. पोसलेलं जनावर दावं तोडल्याशिवाय राहत नाही.

"मंडपात बोल्लास तसं बोल," ती म्हणाली. "वाडी बोलव. सदाला बोलव, त्याच्या बायकोला बोलव. नि हात जोडून म्हन, अक्कल मना नव्हती, माज्या आयेला व्हती. मंग देते."

गणराजचा चेहरा काळा पडला. त्याने उघड्या पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. जनीने मनात पाच मोजावेत एवढा वेळ थांबून बघितलं.

"पोरी, तू सोमवारी ये," ती क्षिप्राला म्हणाली. "बी असं उघड्या हातानं देत न्हाईत. खन-नारल घालून देते."

क्षिप्रा गेली. त्याच दुपारी गणराजने म्हसळ्याच्या व्यापाऱ्याला फोन केला आणि मिसळीचा सगळा तांदूळ पडेल त्या भावाने टेम्पोत चढवला. बियाण्याची म्हणून ठेवलेली दोन पोतीही वर फेकली. "उद्यापासनं आपनपन पांडरं," तो किशोरीला म्हणाला, जनीला ऐकू जाईल असं. जनीला ऐकू गेलं. तिला बरं वाटलं. आता घरात तांबसाळ म्हणजे फक्त तो मुडा, आणि तो तिचा.

बी घराबाहेर जाताना लेक सासरी पाठवावी तसं पाठवायचं, ही रीत. म्हणून रविवारी सकाळी जनी एसटीने बोर्ली पंचतनला गेली. खण घेतला, हिरवा, लाल काठाचा. दुकानदाराने विचारलं, कुणाचं लग्न? जनी म्हणाली, हाय एकीचं. नारळ बघून, वाजवून घेतला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. दुपारची एसटी पकडून ती दोनच्या सुमाराला वाडीत उतरली.

अंगणात पंगत बसली होती.

लावणीच्या बारा बायका, दोन रांगांत, पत्रावळींवर. पीक घरात आलं की लावणीच्या बायकांना नव्या भाताचं जेवण घालायचं असतं. या वर्षी ते राहून गेलं होतं, आणि आज गणराज स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळून वाढत होता. बायका खुशीत होत्या. किशोरी अंगणातल्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि वळून बघत नव्हती.

जनीला आधी वास आला. तांबसाळ शिजताना जो वास येतो तो तिला झोपेतही कळला असता. मग पत्रावळीवरचा भात दिसला, लाल, मोकळा, एकही दाणा पांढरा नाही. तिने दारातून आत माळ्याकडे बघितलं. इरलं भिंतीशी उलटं पडलं होतं. मुड्याचा पेंढा गोठ्यात गाईच्या पुढ्यात होता आणि गाय तो निवांत चघळत होती.

"ये आये, बस," गणराज म्हणाला. "तुजीच वाट बगत व्हतो. तुज्या हातचं हाय, तू नको?"

दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारी माणसं असतात असं म्हणतात. गणराजने नाक कापलं होतं आणि ते शिजवून वाढलंही होतं.

जनी त्याच्या जवळ गेली. हळू विचारलं, "सगलं?"

"सगलं."

"मूठभर तरी?"

"बारा बायका हायत, आये. पुराया नको?"

ती ओरडली असती तर? तर बायकांना कळलं असतं की आपण बी खातोय. शेतकऱ्याच्या घरातली बाई उपाशी मरेल पण बियाण्याला हात लावणार नाही. तोंडातला घास टाकून सगळ्या उठल्या असत्या, गणराजला वाडीने जन्मभर तोंड दाखवू दिलं नसतं. पण तूस काढलेला आणि शिजलेला दाणा त्याने परत उगवला नसता. आणि दुसरं म्हणजे, त्यातली एखादी हिशोबी बाई म्हणालीच असती, जनीकाकी, तुम्ही तरी वर्षभर गप्प का बसलात? जनीने खणाची पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले आणि सदाच्या बायकोशेजारी बसली.

गणराजने तिला वाढलं. भरपूर वाढलं, वर वालाचं बिरडं घातलं. मग समोर उभा राहून बघत राहिला. त्याला तिला रडताना बघायचं होतं.

जनीने घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"चांगला झालाय. वाढ."

त्याने वाढलं. तिने तेही संपवलं, बोटं चाटली, पत्रावळीवर एक शीत ठेवलं नाही. "वाढ." त्याने तिसऱ्यांदा वाढलं. पातेल्याचा तळ लागला. किशोरीने पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली. बायकांना वाटलं, चुलीचा धूर लागला.

"तू जेवलास काय?" जनीने विचारलं.

"मी मंग जेवन."

"मंग काय ऱ्हातंय?"

ती उठली. उष्ट्या हाताने नाही, आधी हात धुतला. पातेलं तिरकं करून तळाची खरवड काढली, तिचा घट्ट घास वळला आणि भर पंगतीत, सगळ्यांच्या देखत, गणराजच्या तोंडापुढे धरला. बायका हसल्या. "काय बाई लाड!" कुणीतरी म्हणालं. "पोर चालिशीला आलं तरी आय ती आयच." बारा जणींसमोर आईच्या हातचा घास नाही कसा म्हणणार? त्याने तोंड उघडलं.

पहिल्या दोन वर्षांची सगळी तांबसाळ त्याने विकली होती, तिसऱ्या वर्षीची मिसळ टेम्पोत गेली, त्याआधी चौदा वर्षं कारखान्याचं कॅन्टीन. घर सोडल्यानंतर तांबसाळीचा भात त्याच्या तोंडात आज पहिल्यांदा जात होता. तो चावायला लागला आणि मधेच त्याचे जबडे थांबले. डोळ्यांत एकदम पाणी आलं. आता जे आपण खातोय ते पुन्हा कधीच मिळणार नाही, हे त्याला जिभेवर कळलं, डोक्याला अजून कळायचं होतं. जनी त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

"गील," ती म्हणाली. "थुकू नको. गील."

त्याने गिळलं.

जनी पंगतीतली उष्टी पानं उचलायला लागली. सदाची बायको अजून बोटं चाटत बसली होती. पोटभर जेवून माणूस जसं मोकळं होतं तशी ती मोकळी झाली होती.

"जनीकाकी," ती म्हणाली, "काय गोड भात! आमी उगीच इतकी वर्सं त्या पांडऱ्याच्या नादी लागलो. आता गनादादानं पिकवायचं कसं ते दाखवलंय. दोरी हाय, गोली हाय. औंदा आमाला पायलीभर बी द्याल काय? सवाईनं परत करू."

"गनाकडं माग," जनी म्हणाली, आणि तिच्या पुढ्यातली पत्रावळ उचलली.